तासाचे वीस, महिन्याचे तेराशे

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मामाच्या दुकानात झेरॉक्स, परीक्षेचे फॉर्म, सात-बाराचा उतारा, रेल्वेचं तिकीट अशी सगळी कामं होतात. गल्लीभर त्याला मामाच म्हणतात म्हणून मीही म्हणतो. वयाने तो माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. २००३ ते २०१२ या काळात याच जागेत त्याचं सायबर कॅफे होतं. दहा मशीन, प्लायवूडच्या केबिनी, तासाला वीस रुपये. त्या केबिनींच्या स्क्रूची भोकं भिंतीवर अजून दिसतात.

मागच्या शनिवारी त्याची सख्खी भाची पुण्याहून आली होती. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. मी माझ्या प्रिंटची वाट बघत बसलो होतो. तिचा फोन काउंटरवर चार्जिंगला लावलेला, त्यावर बँकेचा मेसेज आला आणि मामाने तो वाचला. दुसऱ्याचे मेसेज वाचू नयेत हे मामाला कुणी शिकवलेलं नाही. उद्या खात्यातून तेराशेच्या आसपास रक्कम जाणार, असं त्यात होतं. पुढचं बोलणं जमेल तितकं जसंच्या तसं देतो. दोघं एकदम बोलत होती तिथे माझी मर्जी.

मामा : हे तेराशे कसले गं? एलआयसी?

भाची : गेमचे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. दर महिन्याला जातात.

मामा : गेम विकत घेतलास ना? मग महिना कसला?

भाची : जुने भाग महिन्याच्या पैशातच येतात, सगळ्यात नवा तेवढा वेगळा घ्यावा लागतो. पण आत शिरायचं तर महिना भरायलाच लागतो. २००४ पासून तसंच आहे.

मामा : म्हणजे घर विकत घेतलं आणि वर भाडंही.

भाची : मेंटेनन्स म्हणा. फ्लॅट घेतला तरी सोसायटीला भरताच की.

मामा : सोसायटीने तेराशे मागितले तर मी पाण्याच्या टाकीवर चढून बसेन.

भाची : मामा, तुमच्या कॅफेत रोज दोन तास बसलं तर महिन्याचे किती व्हायचे?

मामाने कॅल्क्युलेटरला हात लावला नाही. साठ तास, वीसने, बाराशे. वीस वर्षांपूर्वीचे बाराशे.

भाची : मग? मी आज तेराशे देते आणि वाटेल तितकं खेळते. दर वाढवलेला नाही. युरोपात महिन्याला १२.९९ युरो होते, आजही तेच. अमेरिकेत १४.९९ डॉलर होते, तेही तेच.

इथे मला राहवलं नाही. दर हलला नाही हे खरं, पण कुणासाठी? २००५च्या सुरुवातीला हा खेळ युरोपात आला तेव्हा युरो सत्तावन्न रुपयांच्या आसपास होता. म्हणजे महिना साडेसातशेच्या आत. आज युरोने शंभरी ओलांडली आहे. तिकडच्या माणसाचा पगार वीस वर्षांत वाढला आणि खेळ जागच्या जागी राहिला, म्हणजे त्याला तो दरवर्षी थोडा स्वस्तच होत गेला. आपल्याला तोच आकडा जवळजवळ दुपटीला पडतो. एवढं देऊन भारतात सर्व्हरही नाही. ही बाई पुण्यात बसून युरोपातल्या सर्व्हरवर खेळते. मी हे बोललो तर भाची म्हणाली, “काका, हा दोष रुपयाचा आहे, गेमचा नाही.” वाद घालण्यासारखं होतं, पण मामाला मध्ये पडायची घाई झाली होती.

मामा : ते सोड. माझं म्हणणं वेगळं हाय. माझ्याकडं पोरगं यायचं, अर्धा तास बसायचं, दहा रुपये द्यायचं, जायचं. परीक्षा असली की महिनाभर फिरकायचं नाही. त्या महिन्याचे त्याच्याकडनं मी कधी मागितले? तू कामात अडकलीस, आजारी पडलीस, तरी तुझे तेराशे जाणारच. हा कुठला धंदा?

भाची : आणि तुमचा धंदा? काउंटर-स्ट्राइक रंगात आलं असताना, पाच मिनिटं राहिली की मागे येऊन कोण उभं राहायचं? “वाढवायचं का?”

मामा हसला. वाढवायचं का, या प्रश्नाला नऊ वर्षांत कुणी नाही म्हटलं नव्हतं, हे त्यानेच मला पूर्वी सांगितलं होतं. शिवाय सगळे खेळ ज्या सीडींवरून मशीनवर चढले होते त्यांच्यावर मार्करने नावं लिहिलेली असत. मामाच्या वीस रुपयांतला एक पैसाही खेळ बनवणाऱ्याला पोचलेला नाही. भाचीने हेही काढलं. मामा म्हणाला, “ते आता कशाला?”

मीटरची, म्हणजे तासावर पैसे घेण्याची, बाजू मात्र मामा समजतो त्याहून भक्कम आहे. ऑनलाइन खेळ सुरुवातीला अमेरिकेतही तासावरच चालत. १९८०च्या दशकात कॉम्प्युसर्व्हसारख्या सेवांवर तासाला डॉलर मोजून लोक खेळत. १९९७ साली अल्टिमा ऑनलाइन आला, महिना ९.९५ डॉलर, आणि मग महिन्याची पद्धत बसली. चीनमध्ये तर हाच वॉरक्राफ्ट कित्येक वर्षं तासावर विकला गेला. कार्ड घ्यायचं, ताशी ०.४५ युआन कापले जायचे. २०१६ साली तिथेही महिना लागू झाला, ७५ युआन. भागाकार करून बघा. महिन्याला १६६ तासांहून कमी खेळणाऱ्या प्रत्येकाला ती दरवाढच होती. १६६ तास म्हणजे रोजचे साडेपाच. हे मी दोघांना सांगितलं.

मामा : ऐकलंस? चीनवाले आमच्यासारखंच.

भाची : तुमच्यासारखंच होतं. आता नाही. पण मामा, मीटर चालू असताना माणूस खेळत नाही, घड्याळ बघतो. मला गेममध्ये कधी कधी नुसतं तळ्याकाठी बसून मासे धरायचे असतात. तासाला वीस मोजून मासे कोण धरील?

मामा : रंकाळ्यावर फुकट धरता येतात.

भाची : फुकटाचंच सांगते. मन्याने तुमच्या फोनवरून किती घालवले होते?

मन्या म्हणजे मामाचा धाकटा, चौदा वर्षांचा. फोनवरचा एक खेळ, उतरवून घ्यायला फुकट, खेळायला फुकट. त्यात पेट्या असतात. पेटी उघडली की बंदुकीला नवा रंग निघतो, किंवा निघत नाही. तीन आठवड्यांत बेचाळीसशे रुपये गेले, तेही एकोणपन्नास-नव्व्याण्णवच्या तुकड्यांत, म्हणून मामाच्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा घरात जे झालं ते मी लिहीत नाही.

भाची : फुकट म्हणून दिलं ना हातात? महिना घेणाऱ्या खेळाने बेचाळीसशे काढले असते का? माझ्या गेमच्या कंपनीला माझ्याकडून तेराशे मिळणार हे पहिल्या तारखेलाच ठरलेलं असतं. मग तिला मला पावलोपावली काही विकायची गरज नसते. फुकटवाल्याला असते. त्याचं पोटच त्यावर.

हा मुद्दा मला पटतो आणि तो फक्त खेळांपुरता नाही. दुकान कशावर चालतं हे कळलं की माल कसा असेल ते कळतं. तासावर चालणारा तुम्हाला बसवून ठेवणार. फुकटवाला अडवून अडवून विकणार. महिन्यावाला काय करणार, हे मामाने लगेच ओळखलं. शेवटी तो काउंटरवरचा माणूस.

मामा : तुझा तो तुला रोज बोलावत असणार.

भाची : म्हणजे?

मामा : म्हणजे एका दिवसात संपलं तर दुसऱ्या महिन्याचे कोण देईल? थोडं आज, थोडं उद्या. दवाखान्यासारखं. परत सोमवारी या.

भाची : ...आहे तसं. रोजची छोटी कामं असतात. मोठ्या राक्षसाकडून बक्षीस आठवड्याला एकदाच मिळतं. बुधवारी परत सुरू.

मामा : बुधवारी! बघ.

भाची : पण महिना घेतला की उत्तरही द्यावं लागतं. दुसरा एक गेम आहे, फायनल फँटसी चौदावा, तोही महिन्यावर चालतो. २०२१च्या डिसेंबरात नवा भाग आला आणि इतकी गर्दी झाली की पैसे भरलेली माणसं तासन्‌तास रांगेत. कंपनीने गेमची विक्रीच काही आठवडे थांबवली आणि सगळ्यांना आधी सात दिवस, मग आणखी चौदा दिवस फुकट दिले. फुकटच्या गेममध्ये रांग लागली तर काय मागणार? फुकटाचे पैसे परत?

मामा : बरं. तुझ्या ह्या गेममध्ये महिना भरला की वर काहीच विकत नाहीत? दुकानच नाही आत?

भाचीने चार्जरची वायर बोटाला गुंडाळली. टेस्टिंगवाली मुलगी आहे. चूक दिसली की नोंदवायची सवय तिची मोडत नाही.

भाची : आहे. २०१० साली एक चकाकणारा घोडा काढला, पंचवीस डॉलरला. लोक रांगा लावून घेत होते. आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये एक डायनासोर काढला. बसायला. त्याच्या पाठीवर लिलावाचं दुकान असतं. नव्वद डॉलर.

मामा : नव्वद डॉलर म्हणजे साडेसात हजारांच्या वर! महिना भरणाऱ्यालाच?

भाची : महिना भरणाऱ्यालाच.

मामा : तू घेतलास?

भाची : नाही हो! पण पहिल्या आठवड्यात गावाच्या चौकात जिकडे बघावं तिकडे तोच.

मामाला इतका आनंद झाला की त्याने समोरच्या टपरीवर तीन चहा सांगितले. माझ्या मते या संध्याकाळी भाचीची बाजू इथेच सगळ्यात लंगडी पडली, आणि ती स्वतःच्या तोंडाने पडली. महिना घेतो म्हणून वर काही विकणार नाही, हा करार कुणी लिहून दिलेला नसतो. तो खेळणाऱ्यांनी मनात धरलेला असतो. त्यातलीच आणखी एक गंमत तिने सांगितली. २०१५ पासून खेळात टोकन मिळतं. कुणीतरी वीस डॉलर देऊन टोकन घेतो आणि खेळातल्या सोन्याला विकतो. ज्याच्याकडे खेळून खेळून सोनं साठलंय तो ते घेऊन महिना फुकट काढतो.

मामा : म्हणजे सिनेमा बघायला मिळावा म्हणून थेटरातच झाडू मारायचा.

भाची : काही जणांना झाडू मारायला आवडतो.

मामा : आणि महिन्याचे पंधरा, टोकनचे वीस. वरचे पाच कंपनीला. लई हुशार हाय मालक.

चहा आला. मधल्या वेळात एका बाईंच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरून झाला. मामाने चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा सुरू.

मामा : बाजाराने निकाल दिलाय म्हणतात त्याचं काय? महिन्याचे गेम बंद पडले ना पटापट?

भाची : पडले. स्टार वॉर्सचा एक मोठा गेम २०११च्या डिसेंबरात महिन्यावर सुरू झाला, वर्षाच्या आत फुकट करावा लागला. वाइल्डस्टार २०१४ला महिन्यावर, २०१५ला फुकट, २०१८ला कुलूप. आमच्याच गेमला २०१० साली एक कोटी वीस लाख लोक महिना भरत होते, नंतर उतरतीच लागली.

मामा : आणि कुलूप लागलं की तुझ्या हातात काय? इतकी वर्षं भरलेस. एखादी वस्तू? माझ्या कॅफेच्या खुर्च्या तरी अजून घरात हायेत.

भाची : तुम्ही शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची मॅच बघायला तिकीट काढून जाता. येताना हातात काय असतं?

मामा गप्प झाला. पाटाकडील तालीम हरली तर मामा दोन दिवस दुकान उशिरा उघडतो, हे राजारामपुरीला माहीत आहे. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने खेळतात आणि माणूस एकदा एका तालमीचा झाला की मरेपर्यंत तिचाच. भाचीने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

भाची : मामा, गेमसाठी कोण देतंय? गेम मला पाठ झालाय. आमची गिल्ड आहे. तालीमच समजा. पोलंडचे दोघे, एक ग्रीसची बाई, हॉलंडचा एक ट्रकवाला, मी. बुधवारी रात्री रेड असते, सगळ्यांनी मिळून मोठ्या राक्षसावर चाल. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे माझे उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. मी हीलर आहे. मारामारी बाकीचे करतात, मी त्यांना जिवंत ठेवते. लॉकडाऊनमध्ये पुण्यात एकटी होते तेव्हा माझ्याशी रोज बोलणारी माणसं ही.

मामा : आम्ही फोन करत नव्हतो?

भाची : करत होता. “जेवलीस का” विचारायला.

मग तिने नॉर्वेच्या मुलाची गोष्ट सांगितली. मॅट्स स्टीन त्याचं नाव. स्नायू झिजत नेणारा, ड्युशेन नावाचा जन्मजात आजार. व्हीलचेअर, शेवटी शेवटी बोटं तेवढी हलत. २०१४च्या नोव्हेंबरात पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना जन्मभराचं दुःख हेच होतं की पोराला मित्र मिळाले नाहीत, संगणकासमोर बसूनच आयुष्य गेलं. तो गेल्याचं वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर लिहिलं आणि परदेशांतून पत्रं यायला लागली. वॉरक्राफ्टमध्ये तो इबेलिन नावाचा वीर होता. लोकांची भांडणं सोडवायचा, कुणाच्या दुरावलेल्या मुलाशी बोलणं जुळवून द्यायचा. अंत्यसंस्काराला त्याच्या गिल्डची माणसं वेगवेगळ्या देशांतून ऑस्लोला आली. २०२४ साली त्याच्यावरचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला. भाचीने तो दोनदा पाहिला आहे.

मामाने चहाचा कप खाली ठेवला, आणि थोड्या वेळाने जे विचारलं त्याला मी अजून दाद देतो.

मामा : त्या पोराचे पैसे फुकट गेले असं कोण म्हणेल? पण तू ती व्हीलचेअर तुझ्या तेराशेला लावू नको. तू गेल्या महिन्यात किती खेळलीस ते सांग.

खेळात एक आज्ञा आहे, ती टाइप केली की तुम्ही त्या पात्रासोबत किती दिवस-तास-मिनिटं घालवली ते दिसतं. फोनवर ती चालत नाही. भाचीने बोटांवर मोजलं. ऑफिसात रिलीज होता, त्यामुळे दोन बुधवार बुडाले. उरलेल्या दोन रात्री तीन-तीन तास, दोन रविवार मिळून पाच.

भाची : अकरा.

मामा : तेराशे भागिले अकरा. एकशे अठरा रुपये तास! माझ्याकडं दोनशे वीसात झालं असतं. वर चहा.

भाची : मॅचचं तिकीट किती मिनिटांचं असतं?

मामा : पण मी मॅच नसली की तिकीट काढत नाही. हेच तर सांगतोय. गेल्या महिन्यात तू बसून विचार केला असतास, की कामात आहे, भरू का नको, आणि तरी भरले असतेस, तर मला काय म्हणायचं नाही. तू विचारच केला नाहीस. गेले आपोआप.

भाची यावर काही बोलली नाही. मी बोलतो, कारण मला वाटतं मामाने इथे नेमकं सांगितलं. महिना भरण्यात काही वावगं नाही. वाचनालयाची वर्गणी आपण अशीच भरतो, महिन्यात दोनच पुस्तकं वाचली म्हणून ग्रंथपालाशी भांडत नाही. पैसे सांगून घेणारा दुकानदार फुकट म्हणून बोलावणाऱ्यापेक्षा मला बरा वाटतो. आपल्या सरकारनेही २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा नुसतं शुल्क घेऊन खेळू देणारे खेळ त्यातून वगळले. पैज वेगळी, प्रवेशफी वेगळी. वावगं आहे ते आपोआपपण. मामाच्या कॅफेत गिऱ्हाईक दर वेळी काउंटरवर यायचं, खिशात हात घालायचं, तेवढ्या क्षणात खेळायचं की नाही हे ठरायचं. ऑटो-पेने तो क्षणच काढून टाकला. पैसे कापायच्या निदान चोवीस तास आधी बँकेने ग्राहकाला कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२१च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्या शनिवारचा मेसेज त्या नियमामुळेच आला. नाहीतर हा लेखच झाला नसता. असे मेसेज भाचीला दर महिन्याला येत होते. ती ते ओटीपींच्या ढिगात सोडून देत होती.

भाचीने फोन चार्जरवरून काढला, बँकेचं ॲप उघडलं आणि ऑटो-पे रद्द केलं. मामाने स्क्रीनवर वाकून खात्री करून घेतली.

मामा : म्हणजे सोडलास गेम?

भाची : सोडला कुठे? यापुढे दर महिन्याला विचार करून स्वतः भरीन. पुढच्या महिन्यात परत रिलीज आहे, तेव्हा नाही भरणार. गिल्डला सांगून ठेवते.

मामा : आणि ह्या महिन्याचे?

भाची : बुधवारी बघू.

माझ्या प्रिंट तयार होत्या. बारा पानं, पानाला दोन रुपये. मामाने माझ्याकडून चोवीस रोख घेतले. बुधवारी रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी भाचीने मामाला पैसे भरल्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, “काउंटरवर आले.”